बिनसाखरेचं भांडण

४ फेब्रुवारी

अहोआई,

काय म्हणून हाक मारावी, यावरच बराच वेळ अडून बसले होते. कायद्याने आता आपण एकमेकींच्या कुणी नाही. पण ‘आदरणीय बाई’ लिहिलं तर शाळेत रजेचा अर्ज दिल्यासारखं वाटतं, आणि नुसतं नाव लिहायला हात धजत नाही. म्हणून जुनंच लिहिलं. खटकलं तर खोडून टाका.

बाबा माझ्याकडे आहेत, सुखरूप आहेत. हे आधी सांगते, कारण तुम्ही काळजीत असाल असं मी धरून चालले आहे. काल संध्याकाळी मी कामावरून आले तर माझ्या दाराशी जिन्याच्या पायरीवर बसलेले. मांडीवर बॅग. मला बघून उठले आणि म्हणाले, “चहा असेल तर बिनसाखरेचा दे. नसेल तर पाणी दे.” दोन वर्षांनी भेटलेल्या माणसाचं पहिलं वाक्य हे.

मी तुम्हाला लगेच फोन केला. तुम्ही उचललात, माझा आवाज ऐकलात आणि ठेवून दिलात. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जगाचे फोन जोडून दिलेत, माझाच तेवढा तोडता. म्हणून पत्र. पत्र मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं.

बाबांना विचारलं, काय झालं. म्हणाले, “तिने हाकललं मला.”

“कशावरून?”

“लोणच्यावरून.”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मी श्रवणयंत्रांसाठी लोकांच्या कानाचे साचे बनवते, पण माझ्या स्वतःच्या कानांची खात्री कोण देणार. तर ते म्हणाले, डॉक्टरांनी त्यांच्या रक्तात साखर वाढल्याचं सांगितल्यापासून तुम्ही ते भाज्यांचं आंबटगोड लोणचं साखरेचं करणं बंद केलंत. परवा ते बोलले, की साखरेशिवाय ते लोणचं म्हणजे ओला कचरा. त्यावर तुम्ही म्हणालात, “मग जा सुनेकडे. ती घालेल साखर.” ते म्हणाले, “ती आता आपली सून कुठे आहे?” आणि तुम्ही म्हणालात, “तेच विचार तिला जाऊन.”

म्हणून ते विचारायला आले आहेत. मी काय उत्तर देऊ?

त्यांना पलंग दिला आहे, मी बाहेर सोफ्यावर झोपते. बॅग उघडून दिली तर आत सगळं जागच्या जागी. गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, बोट टोचायच्या सुया, दाढीचं सामान, दोन स्वेटर. भांडून तरातरा निघालेला माणूस इतकी नीट बॅग भरतो हे मला माहीत नव्हतं. तुमचा मुलगा एकदा भांडून निघाला होता तेव्हा मोजेसुद्धा विसरला होता.

कधी न्यायला येता ते कळवा. किंवा मी आणून सोडते.

९ फेब्रुवारी

अहोआई,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. बाबा म्हणतात, “ती लिहील. तिला घाई आवडत नाही.”

आमचं बरं चाललंय. सकाळी मी क्लिनिकला जाते. ते घरात असतात, पडद्यांच्या दुमडी उसवून पुन्हा शिवतात, कारण त्यांच्या मते पडदे तिरके कापलेले आहेत. मी म्हटलं, तिरके असले तरी उजेड अडतो ना. ते म्हणाले, “अडतो, पण तिरका अडतो.” जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, आता त्यांना काय सांगणार.

जेवताना मात्र पंचाईत. अंडं, पालेभाजी, पनीर समोर ठेवलं की ते मान खाली घालून मुकाट खातात, शिक्षा भोगल्यासारखं. मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजावून सांगत होते, की बटाटा, मैदा, साखर यांत कर्बोदकं असतात, ती कमी करायची. बाबा बाहेर येऊन म्हणाले, “कर्ब म्हणजे कोळसाच ना? मी जन्मात कोळसा खाल्ला नाही, तो कमी कुठून करू?” मी हसले, तर तेही हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

त्या हसण्यावर भाळून मी म्हटलं, चला, लोणचं करू या. साखरेचं नाही, पण करू.

तुमच्या लोणच्याची चव माझ्या तोंडात आहे, कृती डोक्यात नाही. इतकी वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात वावरले, पण बरण्या भरायच्या दिवशी तुम्ही मला भाज्या धुवायला बसवायचात आणि पुढचं सगळं तुमच्या पाठीआड व्हायचं. आठवेल तसं आणलं. कोबी, फ्लॉवर, काकडी, ढोबळी मिरची, थोडं गाजर, कांदा. बाबांनी सुरी मागितली. पाट्यावर तिला धार लावून घेतली आणि कोबी असा कापला की एक तुकडा दुसऱ्याहून लहान नाही, मोठा नाही. कापताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, मास्तर, हे कुणाच्या मापाचं? म्हणाले, “चमच्याच्या.”

व्हिनेगर उकळलं, मोहरी घातली, मीठ घातलं. गोडीसाठी साखर नको म्हणून मध घातला. चांगला सढळ हाताने घातला, कारण मध औषधी असतो ना.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर यंत्रावर जो आकडा आला तो बघून मी पट्टी बदलून पुन्हा मोजलं, तरी तोच. समोरच्या दारात राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी बरणी हुंगली आणि म्हणाल्या, “अहो, मध म्हणजे साखरच. फक्त चांगल्या घरातली.” बाबांना पाणी पाजलं, खालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लावल्या. आकडा हळूहळू उतरला.

हे तुम्हाला सांगणार नव्हते. पण लपवलं तर ते तुम्हाला कळेल आणि मग वेगळंच काहीतरी होईल, अशी भीती वाटली. आता वाटतं, तुम्हाला कळणार तरी कसं होतं?

लोणच्यात मधाऐवजी काय घालता, तेवढं तरी सांगा. रागावून सांगा, पण सांगा.

१६ फेब्रुवारी

अहोआई,

तुमचं कार्ड आलं. ‘मध ओतून दे. कांदा नावाला, गाजर नकोच. चिरलेल्या भाज्यांना मीठ लावून रात्रभर ठेव. सकाळी कापडात घालून घट्ट पीळ.’ बस्स. खाली सहीसुद्धा नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपत आल्यासारखं लिहिता तुम्ही.

मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं, पाठीवरचा पत्ता वाचला, मग शर्टाच्या खिशात ठेवलं. मी म्हटलं, मला लागेल ते. ते म्हणाले, “पाठ झालंय मला. विचार हवं तर.” आणि खरंच सगळं म्हणून दाखवलं.

सांगितल्याप्रमाणे केलं. मीठ लावलं, रात्रभर ठेवलं. सकाळी बाबांनी कापड धरलं, मी पीळ भरला, इतकं पाणी निघालं की मी थक्क झाले. आकड्याने यावेळी काही त्रास दिला नाही. पण लोणचं पानात घेतलं की त्याचं पाणी सगळीकडे पळतं. तुमचं कसं चमच्यावर बसून राहायचं. बाबांनी खाल्लं आणि म्हणाले, “चव चुकलेली नाही, पण अंगात जोर नाही.” मला आठवतं, तुम्ही शेवटी मैदा कालवून लावायचात. तो तर आता चालणार नाही. मग?

दुसरंही विचारायचं आहे. बाबांना किती दिवस ठेवायचं? ते जड झालेत म्हणून विचारत नाही. उलट, संध्याकाळी दार उघडलं की आत दिवा लागलेला असतो, याची सवय होईल अशी धास्ती वाटते. पण मला काहीच कळेनासं झालंय. मी म्हणते, तुम्ही दोघं फोनवर बोला. ते म्हणतात, “ती बोलावेल तेव्हा बोलू.” मी म्हणते, मग तुम्ही चूक झाली म्हणा आणि जा. ते म्हणतात, “चूक झालीच नाही तर कसं म्हणू?” मी म्हणते, मग तिची चूक आहे का? ते म्हणतात, “तिची कशी असेल?” आता यातून मी काय समजायचं ते तुम्हीच सांगा.

तुमच्या मुलाला कळवावं का? मी त्याला फोन करणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण वडील कुठे आहेत हे त्याला माहीत असायला हवं. की आहे? आणि असेल तर त्याने एकदाही विचारलं कसं नाही?

क्लिनिकमध्ये मला विचारतात, घरी कोण आलंय. पहिल्या दिवशी मी ‘सासरे’ म्हणाले. मग आठवलं, तर ‘माजी’ जोडलं. आमची रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “माजी सासरे असतात का?” सरपंच असतात, आमदार असतात, मग सासरे का नसावेत? पण हे घरी आल्यावर सुचलं.

२४ फेब्रुवारी

अहोआई,

तुमचं दुसरं कार्ड मिळालं आणि आता तर माझं डोकं पारच चालेनासं झालंय.

‘मैदा नको. मोहरी व्हिनेगरमध्ये भिजवून बारीक वाट, दाटपणा तीच देते. लाल ढोबळी मिरची आधी विस्तवावर काळी होईतो भाज, साल काढ, ठेचून घाल. गोडवा तिचाच पुरतो. त्यांना फरक कळत नाही.’

केलं तसंच. मिरची जाळीवर धरली, साल फुगून काळं पडलं, आतला गर मऊ आणि गोड. मोहरी वाटताना डोळ्यांतून पाणी. सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवलं, आणि आई, ते जमलं. चमच्यावर बसून राहिलं. रंग तोच, वास तोच. मी एक घास खाल्ला आणि मला तुमच्या ओट्याशी उभं असल्यासारखं वाटलं, पाठमोऱ्या तुमच्या मागे. बाबांनी ताटली पुसून खाल्ली. आकडा शहाण्यासारखा राहिला.

मग मी कार्ड पुन्हा वाचलं. ‘त्यांना फरक कळत नाही.’ म्हणजे तुम्ही हे बिनसाखरेचं आधीच करून बघितलं आहे. त्यांना वाढलंही आहे. त्यांनी खाल्लंही आहे आणि त्यांना फरक कळला नाही. मग साखरेवरून भांडण झालं ते कसलं?

मी बाबांना सरळच विचारलं. “तुम्ही हे लोणचं घरी खाल्लं होतं ना? बिनसाखरेचं?”

ते सावकाश चावत होते. “खाल्लं असेन.”

“आवडलं होतं?”

“वाईट नव्हतं.”

“मग ओला कचरा कुणाला म्हणालात?”

“तुला कामावर जायला उशीर होतोय,” ते म्हणाले. रविवार होता.

तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करत असाल, असंही मला क्षणभर वाटलं. पण तुम्हाला थट्टा येत नाही, आणि त्यांना करायची असती तर चेहरा असा झाला नसता. ताटली धुताना त्यांनी नळ सोडला आणि तसेच उभे राहिले, पाणी वाहत राहिलं.

मला खरं काय ते सांगा. मी त्या घरातून गेले त्या दिवशी तुम्ही खोलीचं दार लावून आत बसलात. माझ्या बाजूने बोलला नाहीत, त्याच्याही बाजूने नाही. मी दोन वर्षं त्या बंद दाराचा अर्थ लावत बसले आहे. आता हे दुसरं कोडं माझ्या घरात आणून ठेवलंत. एका माणसाने किती कोडी सोडवायची?

कार्डाची वाट बघते. आलं नाही तर शनिवारी मी स्वतः येते, बरणी घेऊन. दार लावून बसलात तर बाहेर बसेन.

२ मार्च

आई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या हाती देणार आहे. मी तुमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले आहे. भेटायची वेळ संध्याकाळची आहे म्हणाले. तोवर गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या दाराला कुलूप होतं. खालच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी मला ओळखलं. “अहो, त्या तर दवाखान्यात आहेत,” त्या म्हणाल्या. “छातीतली गाठ काढायची होती. तुम्हाला नाही सांगितलं? मी विचारलं, सोबत कोण? तर म्हणाल्या, सून येणार आहे.”

सून येणार आहे. माझ्या हातातली बरणी तिथेच सुटायची, पण काउंटरवर टेकवली. मला त्या बाईंना विचारायचं होतं, कोणती सून? तुमच्या मुलाची दुसरी बायको, की मी? पण असं कुणाला विचारतात का?

इथे आल्यावर कळलं, की दुसरी कुणीच आलेली नाही. ऑपरेशन परवा झालं. तुम्ही एकटीने आलात, एकटीने झोपलात, एकटीने उठलात.

मला राग आला आहे. कशाचा ते नीट सांगता येत नाही. कॉफी आणली आणि तशीच ठेवली. शेजारच्या टेबलावर एक माणूस पाव खाता खाता रडतोय आणि त्याला ते कळत नाहीये बहुतेक. मी त्याच्याकडे बघणं टाळतेय आणि तुमचा विचार करतेय. बाबांना मी काय सांगू? तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवलंत ते यासाठी? आणि बॅग तुम्ही भरली होती ना?

समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना ठेवून आले आहे. त्या आणि बाबा पत्ते खेळणार होते. निघताना मी म्हटलं, आईंना काही निरोप? ते म्हणाले, “काही नाही. बरणीचं झाकण घट्ट आहे का बघ.”

घंटा झाली. येते वर.

३ मार्च

आई,

घरी पोचले. काल तुम्ही औषधाच्या गुंगीत होतात. उद्या ‘मी असं काही बोललेच नाही’ म्हणाल, म्हणून जे बोललात ते लिहून पाठवते.

मला बघितल्यावर तुम्ही विचारलंत, “ते कुठे आहेत?” मी सांगितलं, पत्ते खेळतायत. तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, “माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा हे बाहेर चक्कर येऊन पडले. डोक्याला टाके. शेजारच्या खाटेवर त्यांना ठेवलं आणि रात्रभर मीच हाका मारून विचारत होते, बरं आहे ना. या वेळी मला तेवढं त्राण नव्हतं. त्यांना लांब ठेवायचं होतं. नुसतं जा म्हटलं असतं तर गेले नसते, म्हणून भांडले.”

मी विचारलं, “मुलाकडे का नाही पाठवलंत?”

तुम्ही म्हणालात, “त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला असता, यांना परत कधी नेणार म्हणून.”

“तेच तर मी पहिल्या पत्रात विचारलं. नंतरच्या पत्रातही विचारलं.”

“विचारलंस,” तुम्ही म्हणालात. “पण लोणचं कसं करू, तेही विचारलंस.”

मग त्या बंद दाराबद्दल मी विचारायच्या आतच तुम्ही म्हणालात, “त्या दिवशी काय बोलावं ते सुचेना. सुचलं तेव्हा तू गेली होतीस.” एवढंच. दोन वर्षं मी त्या दारामागे काय काय रचलं होतं, आणि आत नुसतं न सुचणं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं का, ते अजून कळत नाही.

शेवटी तुम्ही माझं मनगट धरून वचन घेतलंत, की त्यांना सांगायचं नाही. गाठ निघाली आहे, पण पुढचे उपचार लांबणार आहेत, तेही नाही. मी हो म्हणाले. तुमच्या नळ्या बघून नाही म्हणवेना.

आता पुढचं ऐका. काल रात्री घरी आले. वाटेत बसमध्ये मी खोटं रचत आले होते. आई बऱ्या आहेत, रागावलेल्या आहेत, लोणचं ठेवून घेतलं, वगैरे. बाबांनी दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, “ऑपरेशन झालं?”

मी चप्पल काढता काढता थांबले.

“कसलं ऑपरेशन?” मी म्हटलं.

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “काहीतरी आहे एवढं माहीत आहे. ती माझ्याशी लोणच्यावरून भांडली. आयुष्यात कधी जेवणावरून भांडली नाही ती. भांडताना वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणत होती, आणि बॅग आधीच भरून दाराआड ठेवलेली मला दिसत होती. मग मीही भांडलो. ओला कचरा म्हणालो. तिला सोपं जावं म्हणून.”

“आणि इतके दिवस मला काही बोलला नाहीत?”

“तू विचारायला गेली असतीस. मग तिला माझं ओझं पुन्हा तिकडे घ्यावं लागलं असतं.”

ते खुर्चीत बसले. चक्कर आली नाही, पण दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. मला म्हणाले, “जगली आहे ना, तेवढं सांग. बाकी तिने सांगू नको म्हटलं असेल तर नको सांगूस.”

मी म्हटलं, जगल्या आहेत. वचन मोडलं की पाळलं, तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही.

९ मार्च

आई,

परवा आम्ही आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, इतका उशीर का केलात, वेळ संपत आली होती. बाबा म्हणाले, बस उशिरा आली. बस वेळेवर होती. काय झालं ते तुम्हाला दिसलेलं नाही, म्हणून मी सांगते.

हॉस्पिटलच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, दाढी करायची आहे. सकाळीच केली होती. तरी समोरच्या न्हाव्याकडे जाऊन बसले. तिथून निघालो तर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पायरीवर बसले. फरशी पुसणाऱ्या बाई आल्या, त्यांना म्हणाल्या, आजोबा, पाय वर घ्या. त्यांनी पाय वर घेतले, फरशी पुसून झाली, वाळली, तरी पाय वरच. मी म्हटलं, चला, परत जाऊ या का. त्यांनी मान हलवली. “थांब. चेहरा तयार होतोय.”

“कसला चेहरा?”

“मी तिला बघून घाबरलो तर ती मला समजावत बसेल. रागावलेला दिसलो तर ती भांडेल. भांडायला तिला बरं वाटतं.”

म्हणून ते तुमच्या खाटेशी येऊन उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, “तुझ्या लोणच्यापेक्षा हिचं दाट झालंय.” आणि तुम्ही म्हणालात, “मग आलात कशाला?” पलीकडच्या खाटेवरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, हे काय कुटुंब आहे म्हणून. मी काचेबाहेर पाहत राहिले.

भेट संपल्यावर ते बाहेर आले, भिंतीला हात लावत बाकापर्यंत चालले, पाणी मागितलं. पेला मलाच धरावा लागला. पण पडले नाहीत. म्हणाले, “तिने मला काही कळू दिलं नाही. मीही तिला काही कळू दिलं नाही. तू सांगू नकोस.”

आता तुम्ही म्हणता त्यांना सांगू नकोस, ते म्हणतात तुम्हाला सांगू नकोस. तुम्हा दोघांना सगळं माहीत आहे आणि गप्प राहण्याचं काम माझ्या एकटीकडे आलं आहे. हे मला झेपत नाही. म्हणून मी दोघांनाही सांगून टाकलं. त्यांना काल जेवताना, सगळं, पुढच्या उपचारांसकट. तुम्हाला या पत्रात. रागवायचं तर दोघांनी मिळून रागवा. त्यांनी ऐकून घेतलं, घास संपवला, आणि विचारलं, “उपचारांना तिला रोज कुणी न्यायचं?”

तेच मीही विचारतेय. तुमच्या मुलाला मी फोन केला. हो, मी. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “तू का करतेयस हे?” दया आहे का? नाही. कर्तव्य? ते तर कागदावर संपलं. तुमचा राग गेला का? सगळा नाही. मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही, कळलं की सांगते, तोवर तू रविवारी येऊन सामान हलवायला मदत कर. येतो म्हणाला. बघू.

तुमच्या उपचारांची सोय इथल्या हॉस्पिटलमध्ये होते, मी चौकशी केली. माझ्या क्लिनिकच्या वाटेवरच आहे. घर लहान आहे. पलंग खिडकीजवळ सरकवला आहे, बाबांसाठी घडीची खाट आणली आहे, मी सोफ्यावर आहेच. पडदे आता सरळ आहेत. डॉक्टरीणबाई दुपारी डोकावतील. त्या पत्त्यांत लबाडी करतात, आधीच सांगून ठेवते.

लोक विचारतील, या तुमच्या कोण. माझं उत्तर तयार नाही. तयार होईपर्यंत तुम्हाला तिकडे एकटं ठेवण्यात काही अर्थ नाही.

तुम्हाला सोमवारी सोडणार आहेत. सकाळी टॅक्सी सांगितली आहे, बाबा आणि मी दोघं येतो. तुम्ही नाही म्हणणार, हे धरूनच सगळं ठरवलं आहे. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हणा.